उलटा सात

रबाळ्याच्या शेडमध्ये ती उभी आहे चार लाकडी ठोकळ्यांवर,
चाकं काढून भिंतीला टेकवलेली.
वोरासाहेबांना एकच शब्द हवाय, सहीशिक्क्यासकट:
अस्सल, किंवा मग दुसरा.
दोन शब्दांत एका बंगल्याचा फरक.

कारण तशीच एक पुण्यात आहे.
तोच नंबर, तोच लाल, तीच शर्यतीची चित्रं,
आणि तिचा मालकही चेहऱ्यावरून प्रामाणिक.

मी आधी रंगाकडे जाते.
बॉनेटच्या आतल्या कडेला ब्लेडने नखाएवढी खिडकी पाडते:
लाल, त्याखाली पुटीन, त्याखाली दुसरा लाल,
मग थंड चहावरच्या सायीसारखा एक थर,
आणि तळाशी हिरवा,
जो कुठल्याच फोटोत दिसत नाही,
फोटो सगळे काळेपांढरे.

इंजिन एका मोटरबोटीतून आलंय, ते कुणी लपवत नाही.
गिअरपेटी निम्मी जुनी.
शेपटाकडचे रिवेट यंत्राने बसवलेले, एकसारखे, कंटाळवाणे.
पुढचे हाताने ठोकलेले,
एकाची टोपी दुसऱ्याला येणार नाही.
स्टिअरिंगचं लाकूड एकाच जागी झिजलंय.
जाल घडियाली डावरे होते म्हणतात.
म्हणतात, ते मी लिहीत नाही.

मग नंबर. पुढच्या आडव्या नळीवर,
सुबक.
पण नळी तिथे किंचित खोलगट,
डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं.
कधीतरी कुणीतरी कानस चालवली आहे.

अशा वेळी बोलायचं नसतं.
वोरासाहेब फोनवर होते, बरं झालं.
कापसाच्या बोळ्यावर आम्ल घेतलं आणि पुसत बसले.
घाव पडला की पोलाद आत खोलवर दबतं.
वरचा आकडा घासून नेता येतो,
दबणं राहतं.
विसाव्या मिनिटाला नव्या आकड्यांच्या फटींतून
जुने वर आले, धुरकट.
नंबर तोच. फक्त शेवटचा सात
पाय वर करून.

गोठिवलीहून हिराजी मढवींना आणलं, रिक्षाने.
ब्याऐंशी वर्षं. चष्मा न लावताच वाकले.
साताच्या टोकाला एक कपची आहे, तिच्यावर नख ठेवलं.
"यो सात माजा हाय, बाय. दोनी माजंच."
एकोणिसाव्या वर्षी मारलेला,
शेठ पाठीमागे उभा, हात हलला,
मग घासायचा आणि पुन्हा मारायचा.
"दीड रुपया कापला पगारातला,"
म्हणाले, अजून घ्यायचा बाकी असल्यासारखे.

मार्चमध्ये पुण्यातही मी आम्ल लावलं होतं.
खाली निर्मळ पोलाद.
तिथे कुणाचा हात हलला नव्हता,
तिथे कुणाच्या मागे शेठ उभा नव्हता.

वोरासाहेबांनी फोन खिशात टाकला.
काका, ते पंच आहेत अजून?
हिराजींनी पिशवीतून कॅनव्हासची गुंडाळी काढली,
जमिनीवर उलगडली.
शून्यापासून नवापर्यंत शिवलेले खण, तेलाने काळे.
साताचा रिकामा.
"खारीत टाकला. एक मानूस आलता,
म्हनला, अजून एक गारी बनवू."
बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागे येत होता, बीप बीप करत.
आम्ही तिघंही तो थांबेपर्यंत गप्प.

अहवालात लिहिलं:
पुढची आडवी नळी, चौदा इंच, मूळची.
पुढचा पत्रा बहुधा. हिरवा रंग नक्की.
बाकीची गाडी या चौदा इंचांना धरून उभी आहे.
वोरासाहेब म्हणाले, हे एका शब्दात बसत नाही.
नाही बसत, म्हटलं.

साक्षीदाराच्या रकान्यात हिराजींनी सही केली,
अक्षर अक्षर जोडत.
तारखेतला सात काढून झाल्यावर थांबले,
कागद फिरवून
एकदा उलटा बघितला.